सहीशिवाय न मिळणारे टपाल दारावरून परत गेले तर पुढे काय होते? गोव्यातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात असा वाडा विरळाच, जिथे एखादे तरी घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद नसते. घरची माणसे मुंबईत, आखातात, इंग्लंडमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये असतात. मात्र रेशनकार्डावर, बँकेत आणि जमिनीच्या कागदपत्रांत पत्ता त्या मूळ घराचाच असतो. अशा घरी सही घेऊनच द्यायचे टपाल आले की प्रश्न उभे राहतात. शेजारीपाजारी आणि नातेवाईक जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. यातील बहुतेक प्रश्न मुदत टळून गेल्यावर विचारले जातात, म्हणून मुदतीविषयी थोडे अधिक सविस्तर लिहिले आहे.

सही लागणारे टपाल म्हणजे नेमके कोणते?

आपण ज्याला पिढ्यानपिढ्या ‘रजिस्टर’ म्हणत आलो, ती स्वतंत्र सेवा 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. रजिस्टर बंद झाले, असा समज त्यामुळे अनेकांचा झाला आणि तो चुकीचा आहे. स्पीड पोस्टने पाठवताना पाच रुपये आणि त्यावरील जीएसटी भरून आजही नोंदणी करता येते. फरक समजून घेण्यासारखा आहे. साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर दिले जाते, म्हणजे त्या घरातील दुसऱ्या व्यक्तीनेही सही करून ते घेतलेले चालते; नोंदणी केलेले स्पीड पोस्ट मात्र ज्याच्या नावे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच मिळते. तेवढ्याच जादा शुल्कात, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितल्यावरच टपाल हाती देण्याची सोयही मिळते. 50 ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टचे मूळ शुल्क स्थानिक टपालासाठी 19 रुपये आणि देशात इतरत्र 47 रुपये आहे. कायद्याच्या पुस्तकांत आणि वकिलांच्या बोलण्यात ‘रजिस्टर्ड पोस्ट’ हा शब्द अजून येतो, पुढेही काही काळ येत राहील.

पोस्टमन आला तेव्हा घरी कोणीच नव्हते. त्या दिवशी ते टपाल कुठे जाते?

ते ज्या टपाल कार्यालयातून वाटपासाठी निघाले होते, तिथेच संध्याकाळी परत जाते. पोस्टमनने त्यावर घर बंद असल्याचा शेरा मारायचा आणि दाराशी सूचनेची चिठ्ठी ठेवायची, अशी पद्धत आहे. शेरा आता मोबाइलमधील ॲपवर नोंदवला जात असल्याने टपालाचा माग घेतला की तोही दिसतो. सही लागणारे टपाल शेजाऱ्याकडे ठेवून जाण्याची मुभा पोस्टमनला नाही, मग शेजारी सख्खा चुलता का असेना. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ‘आमच्याकडे दिले असते तर काय बिघडले असते’ ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. पण उद्या त्या पाकिटावरून वाद उभा राहिला, तर सही कोणाची होती हाच पहिला प्रश्न विचारला जातो, आणि तो पोस्टमनला विचारला जातो.

ते टपाल कार्यालयात किती दिवस थांबते?

सर्वसाधारणपणे सात दिवस. त्या काळात कोणी न्यायला आले नाही, तर ‘अनक्लेम्ड’ असा शेरा मारून ते पाठवणाऱ्याकडे रवाना होते. एकदा ते परतीच्या वाटेला लागले की आपण पणजीच्या किंवा मडगावच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन कितीही विनंती केली, तरी मधल्या मध्ये ते हाती पडत नाही. पाठवणाऱ्याला नव्याने पाठवावे लागते आणि शुल्कही पुन्हा भरावे लागते.

हे सात दिवस चिठ्ठी आपल्या हाती पडल्यापासून मोजले जात नाहीत. पोस्टमन पहिल्यांदा येऊन गेला तेव्हापासून घड्याळ चालू झालेले असते. शनिवारी संध्याकाळी गावी पोहोचलेल्या माणसाला दाराशी बुधवारची चिठ्ठी दिसली, तर रविवार हातचा गेला आणि सोमवारी सकाळी टपाल कार्यालय गाठलेच पाहिजे, असे समजावे. गावातील शाखा टपाल कार्यालय ग्रामीण डाक सेवक चालवतात आणि ते दिवसातून चार-पाच तासच उघडे असते, हेही ध्यानात ठेवावे. दुपारची बस पकडून गेलेल्या माणसाला बंद दार पाहून परतावे लागल्याचे प्रसंग माझ्याच घरात घडले आहेत.

चिठ्ठी मिळालीच नाही, किंवा पावसात भिजून गेली, तर?

मृगापासून पुढचे चार महिने ही अडचण दर वर्षी येते. चिठ्ठी सोप्यावर सरकवलेली असते, वाऱ्या-पावसात तिचा लगदा होतो आणि घरच्यांना काहीच कळत नाही. चिठ्ठी ही फक्त सूचना आहे. ती नसली तरी टपाल मागण्याचा आपला हक्क जात नाही. टपालाचा क्रमांक पाठवणाऱ्याकडून घ्यावा. तो तेरा अक्षरांचा असतो: आधी दोन रोमन अक्षरे, मग नऊ अंक आणि देशातील टपालाच्या शेवटी भारताची खूण असलेली आय आणि एन ही दोन अक्षरे. तो भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाकता येतो किंवा 1800 266 6868 या विनाशुल्क क्रमांकावर सांगता येतो. क्रमांकच नसेल, तर आपल्या पत्त्याचे वाटप जिथून होते त्या कार्यालयात ओळखपत्र घेऊन जावे आणि नावाने विचारावे. मोठ्या शहरात हे जमत नसेल, पण गोव्यातील बहुतेक लहान कार्यालयांत पोस्टमास्तर तेवढी चौकशी करून देतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्याऐवजी दुसरे कोणी ते आणू शकते का?

आणू शकते, पण लेखी अधिकारपत्र हवे. त्यात आपले पूर्ण नाव व पत्ता, टपालाचा क्रमांक, आणणाऱ्याचे नाव आणि आपली सही असावी, आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत जोडाव्यात. आजारी किंवा अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांसाठी तर असे पत्र आधीच लिहून टपाल कार्यालयात दिलेले बरे. परदेशी असलेल्या मुलाच्या नावे आलेले टपाल आई-वडिलांना आपोआप मिळेल असे गृहीत धरू नये. नोंदणी केलेले असेल तर अधिकारपत्राचा आग्रह धरणारा कर्मचारी आपले कामच करत असतो.

चवथीला आम्ही पाच दिवस मूळ घरी जातो. तेवढ्यात महत्त्वाचे टपाल आले तर?

चवथीच्या दिवसांत पणजी, मडगाव, वास्को येथील इमारतींत मजलेच्या मजले बंद असतात, आणि याच दिवसांत एरवी कुलूप असलेली गावची घरे उघडी असतात. म्हणजे टपाल शहराच्या पत्त्यावर आणि माणसे गावाच्या, किंवा वर्षभर याच्या उलट. पाच दिवसांसाठी जाताना टपाल कार्यालयाला लेखी कळवले, तर परतल्यावर ते मुदतीत मिळण्याची शक्यता वाढते. काही महिन्यांसाठी जायचे असेल, तर आपले टपाल नव्या पत्त्यावर वळवावे असा अर्ज त्या कार्यालयात करता येतो. हा अर्ज फार थोडे लोक करतात. मूळ घर कायमचे बंदच असेल, तर बँक, आयकर विभाग, विमा कंपनी आणि चालू खटल्यातील वकील यांच्याकडे पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घेणे हाच खरा उपाय आहे.

टपालावर कोणते शेरे येतात आणि त्यांचा अर्थ काय?

‘डोअर लॉक्ड’ म्हणजे घर बंद. हा शेरा आला तरी टपाल अजून कार्यालयात असते. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे सूचना देऊनही मुदतीत कोणी नेले नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे घेण्यास नकार. हे लगेच परत जाते, सात दिवस थांबत नाही. ‘लेफ्ट’ म्हणजे माणूस पत्ता सोडून गेला. ‘इन्सफिशियंट ॲड्रेस’ म्हणजे पत्ता अपुरा. शेरा खोटा वाटत असेल, म्हणजे दिवसभर घरी असूनही ‘घर बंद’ असे नोंदवलेले असेल, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. आठवड्यानंतर केलेल्या तक्रारीची पडताळणी करणे कोणालाच शक्य होत नाही.

टपाल नोटिशीचे आहे असे वाटते. ते घेतलेच नाही, तर नोटीस लागू होत नाही ना?

हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहे. नोटीस घेतली नाही म्हणजे ती मिळालीच नाही, असे कायदा मानत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, 1897 च्या कलम 27 प्रमाणे योग्य पत्ता लिहून, पूर्ण शुल्क भरून, नोंदणी टपालाने पाठवलेले पत्र नेहमीच्या वेळेत पोहोचले असे गृहीत धरले जाते. पोहोचले नाही हे दाखवण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 मधील नियम 9 नुसार समन्स घेण्यास नकार दिल्याचा शेरा आला, तर ते बजावले गेले असे न्यायालय जाहीर करू शकते. आणि पोचपावतीसह योग्य रीतीने पाठवलेल्या समन्सची पोचपावती हरवली किंवा 30 दिवसांत परत आली नाही, तरीही तसे जाहीर करता येते.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत हे फार स्पष्टपणे दिसते. पैसे येणे असलेल्याने बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत देणेकऱ्याने रक्कम भरायची, असे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम 138 सांगते. नोटीस न घेता हे 15 दिवस सुरूच होऊ द्यायचे नाहीत, असा मार्ग काही जण शोधतात. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सी. सी. अलवी हाजी यांच्या खटल्यात तो बंद केला. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे धरले जाईल, आणि नोटीस खरोखरच मिळाली नव्हती असे म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरावी, असे न्यायालयाने सांगितले. तेवढेही न करणाऱ्याला नोटीस मिळाली नाही ही सबब पुढे करता येत नाही.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीची इन्व्हेंटरी कार्यवाही, कूळ-मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार) प्रकरणे, मामलेदार कार्यालयातील दाखले आणि हरकती या साऱ्यांत भाऊबहिणींना, चुलत्यांना आणि त्यांच्या वारसांना कळवणे आवश्यक असते, आणि त्यांतील निम्मी नावे त्या एकाच बंद घराच्या पत्त्यावर असतात. पाकीट परत गेले म्हणून कार्यवाही थांबत नाही. पुष्कळदा ती आपल्या अनुपस्थितीत पुढे सरकते आणि आपले म्हणणे मांडण्याची वेळ निघून जाते. मनाला न पटणारी नोटीससुद्धा सही करून घ्यावी, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहावी आणि वकिलाकडे न्यावी. सही म्हणजे आतील मजकूर मान्य केल्याची कबुली नव्हे. पाकीट हाती आले एवढेच ती सांगते.

पत्ता बरोबर असूनही टपाल का परत जाते?

कारण आपल्याला बरोबर वाटणारा पत्ता पोस्टमनला पुरेसा असतोच असे नाही. केरी नावाचे गाव पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. शिरोडा फोंडा तालुक्यात आहे आणि सीमेपलीकडे सिंधुदुर्गातील वेंगुर्ले तालुक्यातही आहे. देऊळवाडा तर किती गावांत असेल ते मोजत बसू नये. ‘देऊळवाडा, केरी, गोवा’ एवढाच पत्ता लिहिणाऱ्याने टपाल तीन तालुक्यांत फिरवायची तयारी ठेवलेली असते. आमच्या एका नातेवाइकाचे बँकेचे पाकीट फोंड्याऐवजी सत्तरीच्या केरीला गेले, तिथे त्या नावाचा माणूस कोणाला ठाऊक नव्हता, आणि ते परत गेल्याचे आम्हाला दीड महिन्याने समजले. अर्जावर तालुका लिहायचा आम्हीच विसरलो होतो.

म्हणून घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि पिनकोड या पाचही गोष्टी लिहाव्यात. पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून चालू आहे. गोव्याचे सर्व पिनकोड 403 ने सुरू होतात आणि पुढचे तीन अंक नेमके कार्यालय सांगतात: पणजी 403001, मडगाव 403601, म्हापसा 403507. फोंड्याच्या शिरोड्याचा पिनकोड 403 ने आणि वेंगुर्ल्याच्या शिरोड्याचा 416 ने सुरू होतो, त्यामुळे नाव सारखे असले तरी योग्य पिनकोड असलेले टपाल दुसऱ्या राज्यात जाण्याचे कारण उरत नाही. घराचे जुने नाव किंवा जवळच्या खुरसाची (क्रॉसची), देवळाची खूण लिहिली तर नव्या पोस्टमनला मदतच होते. मोबाइल क्रमांक तर हल्ली लिहिलाच पाहिजे.

पासपोर्ट परत गेला तर?

पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ओळखपत्र पाहून अर्जदाराच्याच हाती दिला जातो. न दिला गेल्यास तो पासपोर्ट कार्यालयाकडे परत जातो. तो रद्द होत नाही. गोव्यातील अर्जदाराने अर्जाचा क्रमांक आणि ओळखपत्रे घेऊन पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाशी संपर्क साधावा. प्रवासाची तिकिटे आधीच काढलेली असतील, तर पासपोर्ट रवाना झाल्याचा संदेश आल्यापासून पोस्टमनच्या वेळेत घरी कोणीतरी नव्हे, स्वतः अर्जदाराने असावे.

खासगी कुरिअरची पद्धत वेगळी असते का?

असते, आणि ती प्रत्येक कंपनीची निराळी असते. साधारणपणे दोन-तीन वेळा फेरी होते, त्यानंतर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाते. परतीच्या या पार्सलांना कुरिअरवाले ‘आरटीओ’ म्हणतात. वाहन परवान्याच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे तसा संदेश आल्यास गोंधळू नये. आतल्या गावांत पार्सल दारापर्यंत न आणता नाक्यावर बोलावून घेण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे. सही किंवा ओटीपी देण्याआधी पार्सल प्रत्यक्ष हातात घ्यावे आणि ते फुटलेले असल्यास तसे तिथेच लिहून द्यावे. फोनवर ओटीपी सांगून ‘नंतर ठेवून जातो’ यावर विसंबणे म्हणजे पार्सल मिळाल्याची पावती पार्सलाआधीच देणे होय.

परदेशातून आलेले किंवा परदेशी पाठवलेले पार्सल वाटले गेले नाही तर?

टपालाने जाणाऱ्या परदेशी पार्सलाचा फॉर्म भरताना एक जागा बहुतेक जण कोरी सोडतात: पार्सल देता आले नाही, तर ते परत पाठवावे की सोडून दिले असे समजावे, हे पाठवणाऱ्याने तिथे ठरवून द्यायचे असते. लिस्बनला किंवा स्विंडनला मुलांसाठी पाठवलेल्या वस्तूंपेक्षा परतीचा खर्च जास्त होऊ शकतो, म्हणून ही जागा विचार करून भरावी. परत येणाऱ्या टपालावर सीएन 15 ही चिठ्ठी लावलेली असते आणि तिच्यावर पत्ता अपुरा, नकार, मुदतीत नेले नाही अशा कारणांपैकी एकावर खूण केलेली असते. पुन्हा पाठवण्याआधी ती खूण पाहावी.

पाठवणाऱ्याचाही पत्ता सापडला नाही, तर ते टपाल कुठे जाते?

रिटर्न्ड लेटर ऑफिसमध्ये. पूर्वी याला डेड लेटर ऑफिस म्हणत. एरवी कोणाचेही पाकीट उघडण्याची टपाल कर्मचाऱ्यांना मनाई असते, पण येथील नेमलेले कर्मचारी पत्ता शोधण्यापुरते ते उघडू शकतात. 1898 च्या जुन्या टपाल कायद्यात अशा पाकिटांत सापडलेले पैसे आणि विकण्याजोग्या वस्तू एक वर्ष सांभाळून ठेवाव्यात आणि हक्कदार पुढे न आल्यास पैसे खात्यात जमा करावेत, वस्तू विकाव्यात, असे लिहिले होते. त्या कायद्याच्या जागी 2023 चा टपाल कायदा 18 जून 2024 पासून लागू झाला आहे. पाकिटाच्या मागच्या बाजूला आपला पत्ता लिहिला, तर हा सारा प्रवास टळतो.

टपाल परतही आले नाही आणि मिळालेही नाही. भरपाई मिळते का?

स्पीड पोस्ट हरवल्यास भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम मिळते. आतील वस्तूची किंमत त्यात धरत नाहीत, म्हणून दागिने किंवा मौल्यवान वस्तू विमा केल्याशिवाय पाठवू नयेत. तक्रार आधी वाटप करणाऱ्या कार्यालयात, मग पणजीतील गोवा विभागाच्या वरिष्ठ अधीक्षकांकडे करावी, आणि तिथेही उत्तर समाधानकारक नसेल तर डाक अदालतीत, म्हणजे टपाल खात्याच्याच तक्रार-सुनावणीत, मांडावी. टपाल पाठवल्याची पावती सर्वत्र मागितली जाते. तिच्यावरील शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे छायाप्रत काढून ठेवावी.

मी पाठवलेली नोटीस माझ्याकडेच परत आली आहे. पाकीट उघडू का?

उघडू नये. टपाल खात्याचे शेरे, तारखांचे शिक्के आणि बंद राहिलेले तोंड यांच्यासह ते पाकीट हाच आपला पुरावा आहे, आणि न्यायालयात ते न्यायाधीशांसमोर उघडले जाते. आत काय होते हे दाखवण्यासाठी नोटिशीची सही केलेली दुसरी प्रत, पाठवल्याची पावती आणि टपालाच्या मागाचा छापील कागद वेगळा ठेवावा. संकेतस्थळावरील माहिती कायम राहत नाही, म्हणून तो कागद पाकीट परत आल्याच्या दिवशीच छापून घ्यावा.